शाई की भुकटी?

"मराठी विभागासाठी काहीतरी दे गं," असं मॅडम म्हणाल्या तेव्हा मी आधी मागे वळून पाहिलं. मला वाटलं, त्या दुसऱ्याच कोणाला तरी म्हणतायत! कारण आमच्या वर्गात माझी ख्याती 'कॉन्व्हेंटवाली' अशी आहे. पहिली ते दहावी सगळं इंग्रजीत. घरी बोलतो मराठीत, भांडतो तर अगदी अस्सल मराठीत, पण कोणी 'एकोणऐंशी' म्हटलं की आजही मला मनातल्या मनात बोटं मोजावी लागतात. मॅडमना हे प्रामाणिकपणे सांगितलं तर म्हणाल्या, "मग त्यावरच लिही." आता नुसत्या एकोणऐंशीवर काय लिहिणार? पण त्या एकोणऐंशीची एक गोष्ट आहे आणि त्या गोष्टीत एक प्रिंटर आहे. तीच सांगते. मराठी चुकलं तर सांभाळून घ्या.

तर मंडळी, गोष्ट गेल्या जानेवारीतली. रात्री साडेआठला, मेसमध्ये वांग्याच्या भाजीकडे बघत आम्ही सुस्कारे टाकत होतो आणि बाबांचा फोन आला. माझ्या बाबांचं चिपळूणच्या बाजारपेठेत छोटंसं दुकान आहे. टायपिंग, झेरॉक्स, लॅमिनेशन, ऑनलाइन फॉर्म. दुकानात काळ्या-पांढऱ्या प्रिंटचं एक मशीन आहे. रंगीत काही हवं असलं की गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जायचं, आणि जाताना काळी-पांढरी कामंही घेऊन जायचं. शेवटी बाबांनी ठरवलं की आता रंगीत प्रिंटर घ्यायचा.

"तू इंजिनियर होतेस ना गो? मग सांग बघू. रंगीत लेझर घेऊ की शाईचा?"

खरं सांगते, माझी कॉलर ताठ झाली. तीन वर्षं इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशनची फी भरून बाबांनी आजवर मला फक्त मोबाईलचा रिचार्ज संपला की फोन केलेला. पहिल्यांदाच कोणीतरी माझं 'एक्स्पर्ट ओपिनियन' मागत होतं! मी क्षणाचाही विचार न करता सांगितलं, "लेझर!"

"का?"

आता 'का' हा प्रश्न व्हायव्हामध्येसुद्धा मला आवडत नाही. पण या 'का'चं उत्तर माझ्याकडे होतं. एक नाही, दोन होती.

पहिलं उत्तर आमच्या कॉलेजातलंच. सेकंड इयरला जुलै महिन्यात मी मिनी प्रोजेक्टचा रिपोर्ट मैत्रिणीच्या इंकजेटवर छापला. झकास रंगीत ग्राफ वगैरे. हॉस्टेलपासून डिपार्टमेंटपर्यंत दहा मिनिटांची वाट, हातात छत्री, काखेत फाईल. पण रत्नागिरीचा पाऊस फक्त वरून पडत नाही, तो आडवा येतो हे तुम्हाला माहीत आहेच. सरांनी फाईल उघडली, चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि विचारलं, "हा ग्राफ आहे की रंगपंचमी?" त्या रिपोर्टला किती मार्क मिळाले ते इथे लिहीत नाही.

दुसरं उत्तर गंभीर आहे. २२ जुलै २०२१. चिपळूणच्या माणसाला ही तारीख सांगावी लागत नाही. वाशिष्ठी आणि शिव नदीचं पाणी बाजारपेठेत शिरलं आणि दुकानंच्या दुकानं पाण्याखाली गेली. आमचंही गेलं. मी तेव्हा सोळा वर्षांची होते. पाणी उतरल्यावर सगळीकडे गुडघाभर चिखल. दुकानातून जे कागद हाती लागले ते आई आणि मी घरी आणून धुतले, आणि खोलीभर दोऱ्या बांधून चिमटे लावून वाळत घातले. तेव्हा एक गोष्ट मी पाहिली. कोणाचे सातबारा, कोणाच्या अर्जांच्या प्रती, लेझरवर छापलेलं जे जे होतं ते चिखलाने पिवळं झालेलं, सुरकुतलेलं, पण अक्षर न् अक्षर वाचता येत होतं. आणि माझं वक्तृत्व स्पर्धेचं रंगीत प्रमाणपत्र, जे बाबांनी कौतुकाने दुकानात लावलं होतं, त्यावर नुसता जांभळा ढग! माझं नावसुद्धा वाहून गेलं होतं.

याचं कारण मला पुढे इथे आल्यावर कळलं. लेझर प्रिंटरमध्ये शाई नसतेच. असते ती भुकटी, म्हणजे टोनर. रंग मिसळलेल्या प्लॅस्टिकची अगदी बारीक पूड. आत एक ड्रम असतो, त्याला विजेचा भार दिलेला असतो. लेझरचा किरण जिथे पडतो तिथला भार बदलतो, तेवढ्याच जागी भुकटी चिकटते, ती कागदावर उतरते आणि मग फ्युजर नावाचा गरम रोलर तिला वितळवून कागदाच्या धाग्यांत बसवतो. प्लॅस्टिक पाण्यात विरघळत नाही, म्हणून अक्षर टिकतं. इंकजेटचं उलट आहे. तिथे केसाहून बारीक छिद्रांतून शाईचे थेंब कागदावर फवारले जातात. शाई बहुतेक पाण्यातलीच. पाण्यातून आली ती पाण्यातच गेली!

(शाईतही दोन जाती आहेत. एक विरघळलेल्या रंगाची, म्हणजे डाय, आणि दुसरी रंगाचे बारीक कण तरंगणारी, म्हणजे पिगमेंट. दुसरी पाण्यात बरीच टिकते. पण स्वस्त रंगीत प्रिंटरांत निदान रंगीत शाया तरी बहुधा पहिल्या जातीच्या असतात.)

हे सगळं मी बाबांना फोनवर ऐकवलं. अंगात आल्यासारखं इतिहासही सांगितला. चेस्टर कार्लसन नावाचा एक अमेरिकन माणूस एका कंपनीच्या पेटंट विभागात नोकरीला होता आणि कागदांच्या नकला करकरून वैतागला होता. त्याने २२ ऑक्टोबर १९३८ रोजी न्यूयॉर्कच्या ॲस्टोरिया भागात, गंधकाचा लेप दिलेल्या जस्ताच्या पत्र्यावर रुमाल घासून आणि वर वनस्पतीच्या बीजाणूंची पूड टाकून जगातली पहिली कोरडी नक्कल काढली. पुढे या पद्धतीला नाव मिळालं झेरोग्राफी. ग्रीक भाषेत 'झेरोस' म्हणजे कोरडं. आपण दिवसातून दहा वेळा 'झेरॉक्स काढून आण' म्हणतो, पण त्याचा अर्थ 'कोरडं' आहे हे मला विसाव्या वर्षी कळलं! १९५९ साली झेरॉक्स ९१४ हे मशीन आलं आणि ऑफिसांचं जगच बदललं. मग १९७१ साली गॅरी स्टार्कवेदर या इंजिनियरने त्यात लेझर घातला आणि लेझर प्रिंटर जन्माला आला. तिकडे १९७७ साली कॅननच्या प्रयोगशाळेत एकाचा तापलेला सोल्डरिंग आयर्न चुकून शाई भरलेल्या सुईला लागला, शाईची चिळकांडी उडाली, आणि त्यातून त्यांचा इंकजेट सुचला. (आपल्या लॅबमध्ये सोल्डरिंग आयर्न चुकून लागला की फक्त ओरडा बसतो.)

बाबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "ते पहिलं झेरॉक्सचं मशीन केवढं होतं गो?"

मी म्हटलं, "साडेसहाशे पौंड. म्हणजे जवळजवळ तीनशे किलो."

"बाप रे! ते माळ्यावर कोण चढवणार?"

मी हसले. मला वाटलं, बाबा विनोद करतायत.

दुसऱ्या दिवशी मी रीतसर एक्सेल शीट उघडली. बाबांनी चिपळुणातल्या एका विक्रेत्याकडून आकडे आणले होते. रंगीत लेझर २८ हजार. शाईची टाकी असलेला इंकजेट १४ हजार. इथपर्यंत फरक दुपटीचा. पण खरी गंमत पुढे होती. लेझरचे चारही टोनर, म्हणजे निळसर, गुलाबीसर, पिवळा आणि काळा, मिळून सुमारे १८ हजार, आणि त्यात पानं निघणार साधारण २,०००. म्हणजे एका रंगीत पानाला ९ रुपये. दुकानात रंगीत पानाचा भाव १० रुपये! उरलेल्या एका रुपयात कागद, वीज आणि आमचं घर. टाकीवाल्याच्या शाईच्या बाटल्यांचा हिशोब केला तर पानाला ५० पैसेसुद्धा पडत नव्हते.

आणि कंपन्या जी पानांची संख्या सांगतात ती पूर्ण रंगवलेल्या पानांची नसते, बरं का! प्रत्येक रंगाने पानाची साधारण पाच टक्के जागा व्यापली असं धरून ती काढलेली असते. एखादं लेटरहेड, एखादा छोटा आलेख, एवढंच. गिऱ्हाईकाने पानभर फोटो मागितला की सगळं गणित कोलमडतं.

"बाबा, पण किती लोक फोटो मागतात ते आपल्याला कुठे माहीत आहे?" मी विचारलं.

"माहीत आहे ना. वही आहे."

मला माहीतच नव्हतं! बाबांनी महिनाभर एका जुन्या वहीत नोंद ठेवली होती. कोणी येऊन 'रंगीत मिळेल का?' विचारलं की एक रेघ. पाच रेघांची एक जुडी. फोटोंचा रकाना वेगळा, शाळेच्या प्रोजेक्टचा वेगळा, पत्रिका आणि कार्यक्रमांचा वेगळा, लेबलांचा वेगळा. सर्व्हे म्हणजे आणखी काय असतं? आम्हाला इथे त्यासाठी अख्खा विषय आहे, आणि आमच्या ग्रुपने त्यातले अर्धे फॉर्म मेसमध्ये बसून स्वतःच भरले होते. (सर, हे वाक्य कृपया वाचू नये.)

बाबा वहीतून फोनवर आकडे सांगत होते, मी टाईप करत होते. "शाळेचे प्रोजेक्ट एकशे बेचाळीस. फोटो एकोणऐंशी..." मी टाईप केलं, ८९. बेरीज जुळेना. तीनदा केली. शेवटी माझी रूममेट, जी लांज्याच्या मराठी शाळेतून आली आहे, स्क्रीनकडे बघून म्हणाली, "अगं ए, एकोणऐंशी म्हणजे सेव्हन्टी नाइन! ऐंशीला एक ऊन!" दहा फोटो मी हवेतूनच काढले होते. त्या रात्रीपासून हॉस्टेलमध्ये माझं नाव 'एकोणनव्वद' पडलं आहे.

आकड्यांनी निकाल दिला होता. जास्तीत जास्त मागणी मुलांच्या प्रोजेक्टची आणि फोटोंची. फोटोत तर इंकजेट लेझरला हरवतोच. चकचकीत फोटो पेपरवर शाईचे थेंब जसे रंगाच्या छटा उतरवतात, तसं टोनरला जमत नाही. वीजही बघायला हवी. लेझरचा फ्युजर तापताना एकदम इतकी वीज ओढतो की दुकानातल्या छोट्या इन्व्हर्टरने मान टाकलीच म्हणून समजा. इंकजेटला छापताना पंधरा-वीस वॅट पुरतात. आणि चिपळुणात वीज कधी जाईल हे नदीइतकंच बेभरवशाचं.

पण मला पटत नव्हतं. माझ्या डोळ्यासमोर तो जांभळा ढग होता. मी वाद घालत राहिले. "बाबा, आंब्याच्या सीझनला पेट्यांवरची लेबलं छापायची असतात. ओला हात लागला की शाई फिसकटणार. २०१८ साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळालंय, आता बागायतदारांना स्वतःच्या नावाचं चांगलं लेबल हवं असतं. सीझन संपला की काम कमी होणार. मग पावसाळ्यात मशीन पडून राहिलं की शाई छिद्रांत सुकणार आणि हेड चोक होणार. टोनर कधी सुकत नाही, कारण तो मुळात कोरडाच!"

"खरं आहे," बाबा म्हणाले. "शनिवारी ये घरी. मग बोलू."

शनिवारी दुपारची एसटी पकडून मी चिपळूणला गेले. थेट दुकानात. मी सोबत दोन्ही मशीनच्या स्पेसिफिकेशन शीट प्रिंट करून नेल्या होत्या (लेझरवर!), महत्त्वाच्या ओळींना पिवळा मार्कर लावून. रेझोल्यूशन, स्पीड, ड्युटी सायकल. बाबांनी दोन्ही कागद हातात घेतले, चष्मा कपाळावर सरकवला आणि थेट शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. तिथे मी मार्कर लावलाच नव्हता.

"ह्याचं वजन किती लिहिलंय?"

"नाइन्टीन केजी."

"मराठीत."

मी जरा थांबले. "एकोणीस किलो."

"आणि ह्याचं?"

"पाच किलो."

बाबांनी कागद खाली ठेवले. मग ते जे बोलले ते मी आजवर ऐकलं नव्हतं. पुराच्या रात्री पाऊस वाढला तसे ते बॅटरी घेऊन एकटेच दुकानात आले होते, एवढं आम्हाला माहीत होतं. कॉम्प्युटर, कागदाची रिमं, हिशोबाच्या वह्या त्यांनी शिडीवरून माळ्यावर चढवल्या. मशीन मात्र गेलं. घरी येऊन ते म्हणाले होते, "मी पोचलो तेव्हा मशीन पाण्याखालीच होतं." ते खोटं होतं. मशीन कोरडं होतं. पाणी घोट्यापर्यंत होतं तेव्हा त्यांनी ते एकट्याने उचलायला घेतलं. दोन पायऱ्या चढले. तिसऱ्या पायरीवर कमरेत कळ आली आणि मशीन तसंच खाली, टेबलावर ठेवावं लागलं. पाणी मांड्यांपर्यंत आलं तरी ते तिथेच उभे होते. मग आईचा फोन आला म्हणून निघाले. सकाळपर्यंत टेबल, मशीन, सगळं बुडालं होतं. त्या मशीनचे शेवटचे दोन हप्ते आम्ही नंतर भरले. मशीन भंगारात गेल्यावर!

बाबांची कंबर अजून दुखते. आम्हाला वाटायचं, चिखल काढून काढून दुखते.

"तुझं सगळं बरोबर आहे," बाबा म्हणाले. "भुकटीचं अक्षर पाण्यात टिकतं. पण मशीन पाण्यात टिकत नाही. ना तुझं लेझर, ना शाईचं. मला एकट्याला रात्री, बॅटरी दातात धरून, जे वर नेता येईल तेच मी घेणार."

मी काही बोलले नाही. काय बोलणार? माझ्या शीटमध्ये अठरा रकाने होते. 'बाबांना उचलेल का' हा रकाना नव्हता.

मग आम्ही दोघांनी बसून उरलेले प्रश्न एकेक करून सोडवले, आणि इथे मात्र माझं इंजिनियरिंग थोडंफार कामाला आलं. लेबलं ओली होतात ना? मग ती रंगीत छापायचीच कशाला! पिवळ्या स्टिकरचा कागद आणायचा आणि दुकानातल्या काळ्या-पांढऱ्या लेझरवर काळ्या टोनरने छापायचं. रंग कागदाचा, अक्षर भुकटीचं. स्वस्तही आणि टिकाऊही. एप्रिलमध्ये आम्ही तशी लेबलं छापली आणि बागायतदारांना ती पसंत पडली. हेड चोक होऊ नये म्हणून दर सोमवारी दुकान उघडलं की चारही रंगांचं एक छोटं पान काढायचं, काम असो नसो. पावसाळ्यात कागद दमट होऊन लेझरमध्ये अडकतो, त्यासाठी बाबांचा जुना उपाय चालूच आहे. लाकडी कपाटात रिमं आणि खाली एक पिवळा बल्ब. आणि महत्त्वाचे रंगीत कागद गिऱ्हाईकाला विचारून लॅमिनेट करून द्यायचे.

एक प्रश्न मात्र उरला होता. टाकीवाला प्रिंटर तिरका झाला तर शाई सांडू शकते. तो उचलताना आडवा, वाकडा करून चालत नाही. हे मी बाबांना बजावून सांगितलं.

बाबा म्हणाले, "गणपती आणतात तसा आणायचा. त्यात काय!"

मग आम्ही तालीमसुद्धा केली! खोकं उघडल्या दिवशी, शाई भरायच्या आधी, बाबांनी तो पाच किलोचा प्रिंटर दोन्ही हातांनी छातीशी धरला आणि शिडीवरून माळ्यावर नेऊन ठेवला. मी मोबाईलवर वेळ लावली होती. अकरा सेकंद. खाली आल्यावर बाबा नुसते हसले आणि कमरेवर हात ठेवून उभे राहिले. शिडीच्या बाजूची जागा आता कायम मोकळी असते, तिथे कोणी खुर्चीसुद्धा ठेवायची नाही असा नियम आहे.

परवा पहिल्या सोमवारचं पान बाबांनी मला पाठवलं. त्यांनी छापलं होतं माझं वक्तृत्व स्पर्धेचं प्रमाणपत्र! मूळ प्रत शाळेकडून कधीतरी परत मागवून घेतली असावी, मला पत्ताच नाही. नाव, तारीख, चार रंग, सगळं जागच्या जागी. आणि वर प्लॅस्टिकचं लॅमिनेशन. मागच्या बाजूला बाबांच्या अक्षरात पेन्सिलीने लिहिलं होतं, 'पान क्र. १'.

मित्रांनो, येत्या महिन्यात सबमिशन आहे. ब्लॅक बुक कशावर छापायचं याची हॉस्टेलमध्ये आत्तापासून चर्चा सुरू आहे. कोणी विचारलं तर मी सांगते : पावसात न्यायचं असेल तर लेझर, फोटो चांगले यायला हवे असतील तर इंकजेट. आणि मशीनच घ्यायचं असेल तर शीटची शेवटची ओळ आधी वाचा.

ती वाचता येण्यापुरते मराठी आकडे आता मला येतात. एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस... एकोणऐंशी. ऐंशीला एक ऊन!